हॅलोविन आणि जुनी भुताळी कॉमिक्स-कार्टून्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘जुनी’ म्हणजे नेमकी कधीची?

इथे आपण साधारण १९२९ ते १९८० या पन्नास वर्षांबद्दल बोलतोय, तेही मुख्यतः अमेरिकेतल्या. हॅलोविन हा ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांचा सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा, पण दारोदार खाऊ मागत फिरणारी मुलं, कोरलेले भोपळे आणि रात्री टीव्हीवर भुताचं कार्टून हा सगळा थाट अमेरिकेत तयार झाला. दुसऱ्या महायुद्धात साखरेचं रेशनिंग होतं, त्यामुळे खाऊ मागण्याची प्रथा थंडावली होती. १९४७ मध्ये रेशनिंग उठलं आणि पुढच्या काही वर्षांत ती देशभर पसरली. भुतांच्या कॉमिक्सचा बहर नेमका त्याच वर्षांतला.

एक साल मात्र पाठच करून ठेवा: १९५४. त्या वर्षी या कॉमिक्सवर गदा आली. हातातला अंक त्याच्या आधीचा की नंतरचा एवढं कळलं, की त्यात काय सापडेल आणि काय सापडणार नाही याचा निम्मा उलगडा होतो. पुढची बरीच उत्तरं याच सालाभोवती फिरतात.

मला भीतीच्या गोष्टी झेपत नाहीत. माझ्यासाठी यात काही आहे का?

भरपूर आहे. या जुन्या मंडळींनी भीती आणि हसू एकाच चौकटीत बसवलं, आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी कमाई तीच. थडग्यामागून सांगाडा वर येतो तेव्हा आपण दचकतो, आणि पुढच्या क्षणी तो नाचायला लागतो. भुताच्या नुसत्या नावाने ज्यांची बोबडी वळते त्यांनी कार्टून्सपासून सुरुवात करावी. छापील कॉमिक्सकडे सावकाश वळावं, आणि तिथेही १९५४ च्या आधीचे अंक शेवटी घ्यावेत.

सुरुवात कशाने करू?

‘द स्केलेटन डान्स’ने. वॉल्ट डिस्नेच्या ‘सिली सिम्फनी’ मालिकेतलं हे पहिलं कार्टून. साल १९२९, कृष्णधवल, जेमतेम साडेपाच मिनिटांचं. कल्पना संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांची आणि बहुतेक सगळं ॲनिमेशन अब आयवर्क्स या एका माणसाच्या हातचं. मिकी माउसच्या कार्टूनमध्ये आधी प्रसंग ठरायचा आणि मग त्याच्या मापाने संगीत बेतलं जायचं. इथे आधी संगीत आलं आणि चित्रं त्या तालावर काढली गेली. म्हणून यात एकही हाड बेताल हलत नाही.

बघताना घाई करू नका. वाऱ्याने हलणारी फांदी, तिच्यावरचं घुबड, चर्चच्या मनोऱ्यातून उडालेली वटवाघळं, थडग्यांवर एकमेकांशी भांडणारी दोन काळी मांजरं. मग पहिला सांगाडा येतो आणि थेट आपल्या अंगावर, पडदाभर तोंड उघडून धावतो. चार सांगाड्यांचा नाच रंगात आला की एक जण दुसऱ्याच्या मणक्यावर मांडीची हाडं आपटून झायलोफोन वाजवतो. कोंबडा आरवतो, सगळ्यांची पळापळ होते, एकमेकांत अडकलेला तो हाडांचा गुंता थडग्यात घुसतो आणि पावलं तेवढी बाहेर राहतात. ती पावलं आत कशी जातात ते इथे सांगत नाही.

१ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत हे कार्टून प्रताधिकारमुक्त झालं आहे. शाळेत किंवा मंडळाच्या कार्यक्रमात दाखवायचं असेल तर तिथे परवानगीची गरज नाही.

त्याच काळातलं आणखी काय बघावं?

न्यूयॉर्कच्या फ्लायशर स्टुडिओची बेटी बूप. १९३२ चं ‘मिनी द मूचर’ आणि १९३३ चं ‘स्नो-व्हाइट’ ही दोन तर चुकवूच नका. पहिल्यात घरच्यांवर रुसून बेटी आपल्या बिंबो या कुत्र्याबरोबर बाहेर पडते, दोघं एका गुहेत शिरतात आणि तिथे वॉलरसच्या रूपातलं एक भूत गाऊ-नाचू लागतं. त्या भुताची चाल बघत राहावी अशी आहे, कारण ती एका खऱ्या माणसाची आहे. जॅझ गायक कॅब कॅलोवे यांचा नाच आधी कॅमेऱ्याने टिपला आणि मग एकेक फ्रेम गिरवून त्यावर वॉलरस चढवला. या तंत्राला रोटोस्कोप म्हणतात. त्याचं पेटंट मॅक्स फ्लायशर यांच्याच नावावर होतं. कार्टूनच्या सुरुवातीला खुद्द कॅलोवे आपल्या वाद्यवृंदासह दिसतात. आधी ते नीट बघून घ्या, म्हणजे गुहेतल्या वॉलरसच्या अंगात ते लगेच ओळखू येतील.

१९३४ पासून हॉलिवूडची सेन्सॉर-संहिता काटेकोरपणे लागू झाली आणि बेटीचा झगा लांब झाला. तिच्या गुहेतली भुतंही आटोपती घेतली गेली. कॉमिक्सवर जे वीस वर्षांनी गुदरलं ते कार्टूनने आधीच सोसलं होतं.

हलकंफुलकं हवं असेल तर १९३७ चं ‘लोनसम घोस्ट्स’. पछाडलेल्या घरात घाबरवायला कुणी उरलं नाही म्हणून कंटाळलेली भुतं स्वतःच फोन करून मिकी, डोनाल्ड आणि गूफी या भूत पळवणाऱ्या कंपनीला बोलावून घेतात. बग्ज बनीच्या चाहत्यांनी चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेली दोन कार्टून्स शोधावीत: १९४६ चं ‘हेअर-रेझिंग हेअर’ (केसाळ, लालभडक राक्षसाचं) आणि १९५६ चं ‘ब्रूम-स्टिक बनी’, ज्यात चेटकीण विच हेझल आहे.

ई. सी. कॉमिक्स म्हणजे काय? लोक त्यांच्याबद्दल इतकं का बोलतात?

कारण भुताचं कॉमिक कसं असावं हे त्यांनी ठरवून दिलं. मॅक्स गेन्स यांनी काढलेली ही प्रकाशनसंस्था मुळात शैक्षणिक आणि बायबलमधल्या गोष्टींची कॉमिक्स छापायची. १९४७ मध्ये बोटीच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि मुलगा विल्यम गेन्स यांच्या गळ्यात धंदा पडला. विल्यम यांनी संपादक अल फेल्डस्टाइन यांच्या साथीने १९५० मध्ये तीन मासिकं उभी केली: ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’, ‘द व्हॉल्ट ऑफ हॉरर’ आणि ‘द हाँट ऑफ फिअर’. किंमत १० सेंट.

तिन्हींना एकेक निवेदक: क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच. हे तिघं गोष्ट सुरू करताना खिदळायचे, संपताना एखादी वात्रट कोटी करायचे आणि मधल्या वेळात एकमेकांची उणीदुणी काढायचे. गोष्ट बहुतेक वेळा सात-आठ पानांची. कुणीतरी लोभापायी किंवा मत्सरापायी पाप करतं आणि शेवटच्या चौकटीत त्याची फेड होते, तीही त्याच्याच हत्याराने. गेन्स रात्ररात्र जागून वाचायचे, गोष्टींची बीजं हेरायचे आणि दुसऱ्या दिवशी फेल्डस्टाइन यांच्यासमोर ठेवायचे. फेल्डस्टाइन मजकूर थेट चित्राच्या कागदावरच लिहायचे. अक्षरं साच्याने, यंत्रासारखी एकसारखी काढली जायची, आणि चित्रकाराला उरलेल्या जागेत चित्र बसवावं लागायचं. आजच्या वाचकाला ही पानं शब्दांनी गच्च भरलेली वाटतात ती यामुळेच. पहिल्या गोष्टीत थोडा दम धरा, दुसऱ्या गोष्टीपर्यंत डोळा सरावतो.

आता चित्रकार. ग्रॅहम इंगल्स ‘घास्टली’ अशी सही करायचे. त्यांची माणसं ओघळल्यासारखी असतात, बोटं लोंबतात, ओठांमधून लाळेचे धागे सुटतात. जॅक डेव्हिस यांची माणसं घामाघूम, मोठ्या पायांची, भेदरलेली, आणि त्या भेदरण्यातच थोडी हास्यास्पद. जॉनी क्रेग यांचा हात सगळ्यात स्वच्छ. त्यांच्या चित्रात सगळं शांत, नीटनेटकं असतं आणि म्हणून शेवटचा धक्का जास्त बसतो. तिघांपैकी निवडायची वेळ आली तर मी क्रेग यांना निवडेन. रंग मेरी सेव्हरिन यांचे. रात्रीसाठी निळा आणि धोक्यासाठी पिवळा ही त्यांची समज स्वस्त वर्तमानपत्री कागदावरसुद्धा उठून दिसते.

यातलं सगळंच काही सोज्वळ नाही. ‘द हाँट ऑफ फिअर’च्या १९व्या अंकातल्या ‘फाउल प्ले’मध्ये मध्यरात्री बेसबॉलचा सामना रंगतो आणि खेळाचं साहित्य म्हणून खुन्याच्याच शरीराचे अवयव वापरलेले आहेत. अशी पानं पचतील अशाच वयात आणि अशाच मनःस्थितीत ती बघावीत.

ई. सी.च्या आधी भुतांची कॉमिक्स नव्हतीच का?

होती. जानेवारी १९४७ मध्ये एव्हन या प्रकाशनाने ‘ईरी कॉमिक्स’चा एकच अंक काढला. १९४८ मध्ये ‘ॲडव्हेंचर्स इनटू द अननोन’ सुरू झालं आणि १९६७ पर्यंत चाललं. पुढे ई. सी.चं यश बघून डझनावारी प्रकाशक या धंद्यात उतरले. त्यांचा बराचसा माल सुमार आहे, पण मुखपृष्ठं अनेकदा आतल्या गोष्टींपेक्षा सरस असतात.

१९५४ मध्ये नेमकं काय घडलं?

मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेडरिक वर्थम यांचं ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हे पुस्तक त्या वर्षी आलं. कॉमिक्स मुलांना गुन्हेगारीकडे नेतात, असं त्याचं म्हणणं. बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेटच्या उपसमितीने एप्रिल आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला सुनावण्या घेतल्या. २१ एप्रिलला वर्थम यांची साक्ष झाली आणि त्याच दिवशी गेन्स स्वतःहून साक्षीला उभे राहिले. सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांनी ई. सी.च्याच ‘क्राइम सस्पेन्सस्टोरीज’च्या २२व्या अंकाचं मुखपृष्ठ त्यांच्यासमोर धरलं. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात केसांनी धरलेलं बाईचं मुंडकं. हे अभिरुचीला धरून आहे का, असं त्यांनी विचारलं. भयकथेच्या मुखपृष्ठाच्या मानाने आहे, असं गेन्स यांचं उत्तर. मुंडकं जरा उंच धरून गळणारं रक्त दाखवलं असतं तर ते अभिरुचीहीन झालं असतं, असंही त्यांनी पुढे सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून त्यांची शोभा झाली. ते मुखपृष्ठ, गंमत म्हणजे, त्याच शांत हाताच्या जॉनी क्रेग यांचं.

सरकारने कायदा केला नाही. प्रकाशकांनीच घाबरून स्वतःवर नियमावली लादून घेतली, तीच ‘कॉमिक्स कोड’. ‘हॉरर’ आणि ‘टेरर’ हे शब्द मासिकाच्या नावात चालणार नाहीत. रक्तपिपासू पिशाच्चं, लांडगा-मानव, चालती प्रेतं, नरभक्षण, सगळं बंद. मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात कोडचा शिक्का नसेल तर वितरक अंकांचे गठ्ठे परत पाठवायचे. गेन्स यांनी आपली भयकथांची मासिकं गुंडाळली. ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’चा ४६वा अंक १९५५ च्या सुरुवातीला आला, तो शेवटचा. त्यांच्याकडे विनोदी ‘मॅड’ होतं. ते १९५५ मध्ये त्यांनी कॉमिकऐवजी मासिकाच्या आकारात काढलं, त्यामुळे ते कोडच्या कक्षेबाहेर राहिलं.

हे वादळ फक्त अमेरिकेतच उठलं का?

नाही. सप्टेंबर १९५४ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शेकडो मुलं हातात काठ्या-सुऱ्या घेऊन ‘सदर्न नेक्रोपोलिस’ या दफनभूमीत शिरली. लोखंडी दातांचं एक पिशाच्च दोन मुलांना खाऊन तिथे लपलंय अशी अफवा होती. असं कुठलंही मूल बेपत्ता नव्हतं. पण खापर अमेरिकन कॉमिक्सवर फुटलं, आणि १९५५ मध्ये ब्रिटनने मुलांना अपायकारक ठरणाऱ्या भयचित्रकथांवर बंदी घालणारा कायदाच केला.

डॉ. वर्थम खलनायक होते का?

कॉमिक्सप्रेमी त्यांना तसंच रंगवतात, आणि ते मला पटत नाही. हार्लेममधल्या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत त्यांनी नाममात्र पैशांत उपचार करणारं लाफार्ग क्लिनिक चालवलं. शाळांतला वर्णभेद मुलांच्या मनावर काय परिणाम करतो याविषयीचं त्यांचं काम त्या संदर्भातल्या ऐतिहासिक खटल्यात उपयोगी पडलं. मुलांची कळकळ त्यांना होतीच. मात्र कॉमिक्सबद्दलचा त्यांचा पुरावा खरा नव्हता. त्यांची कागदपत्रं २०१० मध्ये अभ्यासकांसाठी खुली झाली. ती तपासून कॅरोल टिली यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं की मुलांच्या मुलाखतींमध्ये वर्थम यांनी फेरफार केले होते, काही ठिकाणी एकाचं बोलणं दुसऱ्याच्या नावावर घातलं होतं. अशा पुराव्याच्या धक्क्याने कितीतरी चित्रकार देशोधडीला लागले, काहींनी हे क्षेत्र कायमचं सोडलं. याची हळहळ वाटल्याशिवाय ही जुनी पानं उलटता येत नाहीत.

कोडनंतर भुतं गेली कुठे?

तीन वाटांनी पांगली.

काही गोड झाली. कॅस्पर हे प्रेमळ भूत १९४५ पासून पडद्यावर होतं. १९५२ मध्ये हार्वी कॉमिक्सने त्याला छापायला घेतलं आणि कोडच्या काळात तर त्याचं गोकुळच झालं: चांगली छोटी चेटकीण वेंडी, गोल टोपीवालं वांड भूत स्पूकी आणि १९५७ पासून लालबुंद पिल्लू-सैतान हॉट स्टफ. याच हार्वीने कोडच्या आधी चांगली करकरीत भयकथांची मासिकंही काढली होती. दोन्हींचे अंक शेजारी ठेवून बघा, १९५४ चा अर्थ क्षणात कळेल.

काही मासिकांच्या आकारात शिरली. जेम्स वॉरन यांनी १९६४ मध्ये ‘क्रीपी’ काढलं. ते कृष्णधवल आणि मोठ्या आकाराचं, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या कॉमिक बुक नव्हे, म्हणून कोड लागू नाही. ई. सी.चे अनेक जुने चित्रकार इथे पुन्हा जमले. फ्रँक फ्रझेटा यांनी केलेली रंगीत मुखपृष्ठं आजही मोठ्या आदराने बघितली जातात. पाठोपाठ ‘ईरी’ आणि १९६९ मध्ये ‘व्हँपिरेला’ आलं.

उरलेली कोड सैल होईपर्यंत दबा धरून बसली. १९७१ मध्ये नियम बदलले आणि ड्रॅक्युला-फ्रँकेन्स्टाइनच्या अभिजात परंपरेतल्या पिशाच्चांना, लांडगा-मानवांना परत दार उघडलं. त्याच वर्षी डीसी या प्रकाशनाच्या ‘हाउस ऑफ सीक्रेट्स’च्या ९२व्या अंकात लेन वीन आणि बर्नी राइटसन यांचा ‘स्वॉम्प थिंग’ पहिल्यांदा अवतरला. मार्व्हलने १९७२ मध्ये ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ सुरू केलं. जीन कोलन यांच्या चित्रांतलं ते धुकं, त्या सावल्या! सत्तरच्या दशकातलं एकच कॉमिक घ्यायचं तर हे घ्या. ते ७० अंक चाललं आणि ‘ब्लेड’ हे पात्र त्याच्याच १०व्या अंकातलं.

लहान मुलांसाठी काय योग्य?

चार-पाच वर्षांच्या मुलांना कॅस्पर आणि ‘लोनसम घोस्ट्स’ पुरे. सहा-सात वर्षांपासून ‘इट्स द ग्रेट पम्पकिन, चार्ली ब्राउन’, ‘स्कूबी-डू’ आणि ‘स्केलेटन डान्स’. १९४९ चं डिस्नेचं बिनमुंडक्याच्या घोडेस्वाराचं कार्टून मात्र शेवटच्या पाठलागात खरोखर भिववतं, तेव्हा आधी स्वतः बघून ठरवा. ई. सी. आणि वॉरनची मासिकं किशोरवयाच्या आधी देऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. ‘व्हँपिरेला’ तर मोठ्यांसाठीच.

‘स्कूबी-डू’बद्दल थोडं अधिक. शनिवार सकाळच्या कार्टून्समधल्या मारामारीला पालक वैतागले होते, म्हणून १३ सप्टेंबर १९६९ ला सीबीएस वाहिनीने ही मालिका आणली. मूळ मालिकेत भुताचा मुखवटा काढला की आतून लबाड माणूस निघतो, बहुधा जमिनीच्या नाहीतर पैशाच्या मागे लागलेला. मुलांना याहून चांगला विवेकाचा धडा कुठलं कार्टून देतं ते मला माहीत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात बिनदिक्कत दाखवावी अशी ही मालिका आहे.

‘ग्रेट पम्पकिन’मध्ये भूत नाहीच, मग ते इतकं लाडकं का?

कारण त्यात चार्ली ब्राउनचा मित्र लायनस आहे. भोपळ्याच्या सर्वांत प्रामाणिक मळ्यातून महान भोपळा वर येतो आणि मुलांना खेळणी वाटतो, अशी त्याची श्रद्धा. सगळे हसतात, तो खाऊ मागायला जात नाही, रात्रभर मळ्यात थांबतो. चार्ल्स शुल्झ यांनी ही कल्पना ‘पीनट्स’ चित्रमालिकेत १९५९ मध्ये आणली आणि २७ ऑक्टोबर १९६६ ला ती सीबीएसवर झळकली. दिग्दर्शक बिल मेलेंडेझ, संगीत व्हिन्स ग्वाराल्डी यांचं. सगळ्यांच्या पिशवीत चॉकलेटं पडतात आणि चार्ली ब्राउनच्या पिशवीत दर घरी दगड, हे बघताना पोटात तुटतं. ऑक्टोबरच्या आकाशाचे जलरंगातले जांभळे-निळे थर बघण्यासाठी तरी मोठा पडदा गाठा. २०२० पासून हे कार्टून ॲपलच्या टीव्ही सेवेवर असतं.

डोनाल्ड डकचं हॅलोविन कॉमिक आणि कार्टून वेगळं आहे का?

हो, आणि दोन्ही बघण्यासारखी आहेत. १९५२ च्या ‘ट्रिक ऑर ट्रीट’ या कार्टूनमध्ये डोनाल्ड भाच्यांच्या पिशवीत खाऊऐवजी फटाके टाकतो आणि एक चेटकीण मुलांच्या बाजूने उभी राहते. तिला आवाज जून फोरे यांचा. कार्ल बार्क्स यांनी याच गोष्टीचं कॉमिक केलं आणि आपल्या पदरचे प्रसंग घातले, त्यात अनेक हातांचा एक राक्षसही होता. संपादकांनी त्यातली काही पानं कापली. ती पुढे संग्रहित आवृत्त्यांमध्ये परत जोडली गेली. फँटाग्राफिक्स या प्रकाशनाच्या बार्क्स मालिकेत याच नावाचा खंड आहे.

फक्त एका चौकटीची व्यंगचित्रंही यात धरायची का?

चार्ल्स ॲडम्स यांच्यासाठी तरी धराच. ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकातलं त्यांचं ते विचित्र कुटुंब १९३८ पासून दिसू लागलं, आणि १९६४ मध्ये टीव्ही मालिका येईपर्यंत त्यातल्या पात्रांना धड नावंही नव्हती. एका प्रसिद्ध चित्रात नाताळची गाणी म्हणणारी मंडळी दारात उभी आहेत आणि वर गच्चीवरून हे कुटुंब उकळती कढई त्यांच्यावर ओतायच्या बेतात आहे. शब्द एकही नाही. ओतण्याच्या आधीचा क्षण चितारून ॲडम्स थांबतात, पुढचं आपण मनात पूर्ण करतो.

जुन्या कार्टून्समध्ये काही खटकणारं असतं का?

असतं. १९३०-४० च्या दशकांत कृष्णवर्णीय, ज्यू, आशियाई माणसांची हेटाळणी करणारी चित्रं सर्रास काढली जात. मुलांबरोबर बघणार असाल तर आधी एकदा एकटे बघा. असं दृश्य आलंच तर कार्टून थांबवून, हे चूक होतं असं त्यांना सरळ सांगा.

मराठी वाचकाला यात ओळखीचं काय सापडेल?

‘चांदोबा’तला विक्रम-वेताळ आठवा. खांद्यावरचं प्रेत गोष्ट सांगतं आणि शेवटी राजाला कोड्यात टाकतं. क्रिप्ट-कीपर नेमकं हेच काम करतो, फक्त कोड्याच्या जागी कोटी. भीती आणि वाचक यांच्या मधोमध एक वाचाळ मुडदा बसवायची ही युक्ती आपल्याकडे किती जुनी आहे! मार्च १९६४ मध्ये मुंबईहून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून दुसऱ्या वेताळाची, म्हणजे ‘फँटम’ या नायकाची, कवटीची गुहा आणि गालावर उमटणारा कवटीचा ठसा मराठी घरांत पोचलाच होता. त्या अंकांवर वाढलेल्यांना ही पानं परकी वाटणार नाहीत.

अमेरिकेतल्या मराठी घरांत तर दोन्ही सण हातात हात घालून येतात. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी उटणं-अभ्यंगस्नान, संध्याकाळी भोपळा. दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात एखादं जुनं भुताचं कॉमिक ठेवायला कुणाचीच हरकत नसावी.

ही कॉमिक्स वाचायला कुठे मिळतील?

ई. सी.च्या बाबतीत वाचकांचं नशीब थोर. गेन्स यांनी जवळजवळ सगळी मूळ चित्रं जपून ठेवली, म्हणून पुनर्मुद्रणं स्पष्ट निघाली. रंगीत हवं असेल तर डार्क हॉर्सचे ‘ई. सी. आर्काइव्ह्ज’ खंड घ्या, चित्रकारांच्या रेषा न्याहाळायच्या असतील तर फँटाग्राफिक्सचे कृष्णधवल खंड. मी दुसरा पर्याय सुचवेन. रंग काढल्यावर इंगल्स यांच्या ब्रशचा एकेक फटकारा मोजता येतो. ज्या छोट्या प्रकाशकांनी प्रताधिकारांचं नूतनीकरण केलं नाही त्यांचे अंक ‘डिजिटल कॉमिक म्युझियम’ आणि ‘कॉमिक बुक प्लस’ या संकेतस्थळांवर फुकट आणि कायदेशीर वाचता येतात.

मूळ अंक विकत घ्यावा का?

हौस आणि खिसा दोन्ही असेल तर घ्या. भारतातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क आधी धरा. मुखपृष्ठावरची किंमत बघा, १९५० ते ५५ च्या अंकावर १० सेंट छापलेले असतात. १९९० च्या दशकात त्याच मुखपृष्ठांसह ई. सी.च्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्या वाचायला उत्तम आहेत, पण कुणी त्या मूळ म्हणून विकायला आणल्या तर आतल्या बारीक टाइपातल्या प्रकाशनाच्या माहितीवर नजर टाका, तिथे साल सापडतं.

कागद लगद्याचा आहे. ऊन, उष्णता आणि दमट हवा लागली की पिवळा पडतो, मग ठिसूळ होतो. अंक पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लविरहित पुठ्ठा लावून, उभा ठेवा. सेलोटेप कधीही लावू नका, रबर बँड गुंडाळू नका. मुंबई-कोकणात पावसाळ्यात कसर लागते, म्हणून पेटी जमिनीला किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवू नये.

एका संध्याकाळचा बेत कसा आखावा?

उजेड असतानाच कॅस्पर किंवा बार्क्सचं कॉमिक मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. फुग्यांतले संवाद मराठीत म्हणायला हरकत नाही, चेटकिणीचा आवाज आजीकडे द्यावा. दिवे लागल्यावर ‘स्केलेटन डान्स’, मग ‘लोनसम घोस्ट्स’, मग ‘ग्रेट पम्पकिन’. पाऊण तासात आटोपतं. मुलं झोपली की बेटी बूप, आणि त्यानंतर ई. सी.च्या फक्त दोन गोष्टी. सलग दहा वाचल्या तर शेवटचा धक्का आधीच ओळखू येऊ लागतो आणि मजा जाते.

हॅलोविनच्या सुमारास प्रत्यक्ष कुठे जाता येईल?

न्यू जर्सीतलं वेस्टफील्ड हे चार्ल्स ॲडम्स यांचं जन्मगाव. तिथे ऑक्टोबरमध्ये ‘ॲडम्सफेस्ट’ भरतो, आणि एडिसनकडच्या मराठी मंडळींना ते जवळ आहे. कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझाला शुल्झ यांचं संग्रहालय, ओहायोत कोलंबसला ‘बिली आयर्लंड’ व्यंगचित्र ग्रंथालय आणि संग्रहालय.

आणि व्हरमाँटमधलं रटलंड. टॉम फेगन या स्थानिक कॉमिक्सप्रेमीमुळे तिथली हॅलोविनची मिरवणूक सुपरहिरोंच्या वेषांसाठी गाजली, इतकी की ती थेट कॉमिक्समध्येच शिरली. १९७१ च्या ‘बॅटमॅन’च्या २३७व्या अंकातली गोष्ट याच मिरवणुकीत घडते. १९७२ मध्ये तर स्टीव्ह एंगलहार्ट, लेन वीन आणि जेरी कॉनवे या तीन लेखकमित्रांनी मार्व्हल आणि डीसी या प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या तीन वेगवेगळ्या अंकांत रटलंडचीच रात्र रंगवली आणि स्वतःलाही पात्रं म्हणून आत घातलं. ‘अमेझिंग ॲडव्हेंचर्स’ १६, ‘जस्टिस लीग ऑफ अमेरिका’ १०३ आणि ‘थॉर’ २०७, हे ते तीन अंक. कंपन्यांनी मिळून अधिकृतपणे असं काही करायला अजून अवकाश होता. तिन्ही मिळवून याच क्रमाने वाचा.